गोधडी : एक न लिहिलेले दानपत्र

घटस्थापना जवळ आली की आमच्या सीमाभागातील घराघरांत दसरा काढण्याची लगबग सुरू होते. माळ्यावरची भांडी खाली येतात, पेट्या उघडल्या जातात आणि घरातील झाडून सारे अंथरूण-पांघरूण नदीच्या घाटावर अथवा विहिरीच्या काठावर धुण्यास जाते. त्या दिवशी काठावरच्या खडकांवर वाळत पडलेल्या गोधड्या पाहणे हा आम्हांस लहानपणापासून लाभलेला एक आनंद आहे. कोणाच्या घरी किती लेकी नांदावयास गेल्या, कोणाचे धोतर जरीकाठी होते, कोणाकडे इरकली लुगडी आली आणि कोणाकडे केवळ जाडीभरडी, ह्याचा सारा तपशील त्या दिवशी उन्हात उघडा पडलेला असतो. एरव्ही ज्या वस्तूकडे कोणी ढुंकून पाहत नाही, तिचा इतिहास सांगावा असे आमच्या मनात फार दिवसांपासून आहे. त्यास एक कारणही आहे, आणि ते कबुलीच्या स्वरूपाचे असल्यामुळे आरंभीच सांगून टाकणे बरे.

वकिलीच्या पहिल्या काही वर्षांत एका एकत्र कुटुंबाच्या वाटणीची यादी करण्याचे काम आमच्याकडे आले होते. जमीन, घर, विहिरीतला हिस्सा ही कलमे आटोपल्यावर आम्ही जंगम मालाकडे वळलो. समया, हंडे, घंगाळे, पितळी डबे, देव्हारा, झोपाळ्याच्या कड्या असे एकेक कलम लिहीत गेलो. शेवटी माळ्यावरून एक गाठोडे निघाले. त्यात सात गोधड्या होत्या. भाऊबंद गप्प राहिले. कोणी हक्क सांगितला नाही, कोणी नाकारलाही नाही. आम्ही लेखणी उचलली आणि लिहिले : ‘जुने कापड, किंमत नाही.’ ती ओळ पुढे अनेक वर्षे आमच्या मनात सलत राहिली. का, ते शेवटी येईल.

गोधडीला प्रांतोप्रांती निराळे नाव आहे, पण वस्तू एकच. देशावर गोधडी म्हणतात. कोल्हापूर-बेळगावकडे आणि गोव्यातील कोकणीत वाकळ हा शब्द रूढ आहे. आमचे कानडी शेजारी तिला कौदी म्हणतात. वडोदऱ्याकडील मराठी कुटुंबांच्या कानांवर गुजरातीतील गोदडी पडते, इंदूरकरांच्या कानांवर गुदडी, ग्वाल्हेरच्या बाजूस कथरी आणि हैदराबादेस तेलुगूतील बोंत. ह्यांपैकी कथरीचे नाते संस्कृतातील ‘कंथा’ ह्या शब्दाशी उघड आहे. बंगालची सुप्रसिद्ध कांथा हीही त्याच शब्दाची लेक. संस्कृत वाङ्मयात कंथा येते ती बहुधा विरक्ताच्या खांद्यावर. भर्तृहरीने वैराग्याचे चित्र काढताना जीर्ण, शेकडो ठिकाणी फाटलेली कंथा योग्याच्या अंगावर घातली आहे. नाथपंथी योग्यांच्या वेषातही ती आहे. म्हणजे जी वस्तू गृहिणीच्या हाताखाली संसाराची ऊब होते, तीच संन्याशाच्या अंगावर संसारत्यागाची खूण होते. दोन्ही ठिकाणी कापड तेच, जुने, कोणी टाकून दिलेले.

ठिगळांच्या वस्त्राविषयीची एक फार जुनी आणि सुंदर कथा बौद्धांच्या विनयपिटकात आहे. दक्षिणागिरीच्या बाजूस जात असता भगवान बुद्धांनी मगध देशातील भातखाचरे पाहिली. बांधांनी आखलेले ते चौकोन पाहून, भिक्षूंचे चीवर ह्याच आकाराने शिवता येईल काय, असे त्यांनी आनंदास विचारले. आणि आनंदाने तसे चीवर शिवून दाखविले. तुकडे करून जोडलेल्या वस्त्राचा लोभ चोराला होत नाही, असाही त्यात हेतू होता. शेताचा नकाशा वस्त्रावर उतरविणारा हा आनंद आमच्या मते गोधडी शिवणाऱ्यांचा पूर्वज मानण्यास हरकत नाही.

ह्याच चीवराच्या संदर्भात आपल्या महाराष्ट्रात एक शिलालेख आहे, आणि वकिली पेशाच्या माणसास तो विशेष गोड वाटतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान ह्याचा जामात उषवदात ह्याने दिलेल्या दानाची नोंद आहे. वर्ष ४२ असा तीत उल्लेख आहे. उषवदाताने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा १ आणि उरलेल्या १००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे होते. वाचकांनी हिशेब करून पाहावा : २००० वर शेकडा १ प्रमाणे महिन्याचे २०, वर्षाचे २४०, आणि वीस भिक्षूंस बारा-बारा दिले म्हणजे २४०च होतात. एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. मूळ रकमेस हात लावावयाचा नाही, केवळ व्याज उपभोगावयाचे, हेही लेखात स्पष्ट आहे. शेवटी हे सारे निगमसभेत जाहीर केले आणि फलकावर निबद्ध केले, असे लिहिले आहे. आजच्या भाषेत, दस्त नोंदला गेला.

अठराशेहून अधिक वर्षांपूर्वी वस्त्रदानाचा असा चोख दस्तऐवज ज्या प्रांतात झाला, त्याच प्रांतात त्या काळीही घरोघर आया आपल्या मुलांसाठी चिंध्या जोडीत असतील. त्यांचे दान कोणत्या फलकावर चढले? राजाचा जामात वस्त्रासाठी पैसा देतो ते दगडावर राहते. घरातली बाई वस्त्रच देते आणि ते झिजून जाते. गोधडीच्या इतिहासाची मूळ अडचण ही आहे. जी वस्तू वापरण्यासाठीच जन्माला आली तिचे जुने नमुने उरत नाहीत, आणि जिने ती केली तिचे नावही उरत नाही.

तरीही संतांच्या घरी सुईदोऱ्यास मान मिळाला. नामदेवराय (१२७०–१३५०) जातीचे शिंपी. गज, कातर, सुई, दोरा ही आपल्या व्यवसायाची अवजारे त्यांनी भक्तीच्या कामी लावली. शिखांच्या आदिग्रंथात त्यांची जी ६१ पदे आहेत, त्यांतही ही अवजारे भेटतात. पंढरीच्या शिंप्याची कातर पंजाबातल्या गुरुद्वारात रोज वाचली जाते, ही मराठी माणसाने ध्यानी ठेवण्यासारखी गोष्ट आहे. पुढे आपल्या काळात गाडगेमहाराजांनी (१८७६–१९५६) ठिगळांचे वस्त्र अंगावर घेतले, आणि लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणू लागले. भर्तृहरीची कंथा जणू खराट्यासह गावच्या रस्त्यावर उतरली.

आता गोव्याकडे वळू. डच प्रवासी लिन्स्खोतेन १५८३ ते १५८८ ह्या काळात गोव्यात होता. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. खंबायतेच्या प्रकरणात तो तेथील रेशमाने आणि सुताने शिवलेल्या सुंदर पांघरुणांचे वर्णन करतो, आणि त्यांची दोन नावे देतो : एक ‘कोल्चा’ हे पोर्तुगीज नाव, आणि दुसरे ‘गोदोरीन’. हे दुसरे नाव म्हणजे आपली गोधडीच, हे सांगावयास भाषाशास्त्रज्ञ नको. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी गोधडी युरोपच्या छापील ग्रंथात गेली, ती अशी. त्याच काळात बंगालमधील सातगावच्या बाजूस पांढऱ्या सुती कापडावर पिवळ्या टसर रेशमाने नखशिखांत भरलेली पांघरुणे पोर्तुगीज गिऱ्हाइकांसाठी तयार होत. त्यांवर शिकारीची दृश्ये असत, गलबते असत, बायबलातील आणि ग्रीक पुराणांतील प्रसंगही असत. त्यांपैकी काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. पोर्तुगीजांचा कोल्चा आणि इंग्रजांचे क्विल्ट हे दोन्ही शब्द ‘कुल्किता’ ह्या एकाच लॅटिन शब्दापासून आले.

पोर्तुगीजांनी आपली पांघरुणे नेली, तसे शिवणाचे काही शब्द येथे ठेवूनही गेले. गुंडी अडकविण्याचे ‘काज’, शोभेची ‘फीत’, टोचण्याची ‘आलपीन’, कापड सारखे करण्याची ‘इस्तरी’ हे चारही शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले. आमच्या आजीला हे कळते, तर तिने फीत टाकून दिली नसती. पण हसली मात्र असती.

पोर्तुगीजांच्या जहाजांतून आणखीही काही आले, आणि त्याचा उल्लेख टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आफ्रिकेतून, विशेषतः मोझांबिकच्या किनाऱ्यावरून, गुलाम म्हणून माणसे गोव्यात आणली जात. त्यांतील काही निसटून घाटावरच्या जंगलांत शिरले. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर ह्या भागांत आणि आमच्या खानापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दी लोकांच्या पूर्वजांपैकी अनेक जण असे आले. त्यांची बोली कोकणीच्या घडणीची असून तीत मराठी व कानडी मिसळलेली आहे. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमानही आहेत. ह्या सर्वांच्या घरी बायका ‘कवंदी’ शिवतात. जुन्या साडीचा तळ पसरून कडेपासून तुकडे लावीत, धावदोरा घालीत त्या मध्याकडे येतात. आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुले’ बसवितात. फुलांवाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. २०११ मध्ये ह्या कवंद्यांचे प्रदर्शन न्यूयॉर्कला भरले होते. उत्तर कन्नडमधील सिद्दींस २००३ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले, आणि बेळगाव व धारवाड जिल्ह्यांतील सिद्दींस २०२० मध्ये. कायद्याच्या पुस्तकात त्यांची नोंद व्हावयास इतका काळ लागला. त्यांच्या बायकांनी ती कापडावर केव्हाच करून ठेवली होती.

गोधडी शिवण्याची रीत सर्वत्र जवळपास सारखीच. उन्हाळ्यात, शेतीची कामे थांबली असता, ओसरीवर लुगडे अंथरावयाचे. नऊवारीची लांबी ह्या कामी फार उपयोगी पडते. वर जुनी धोतरे, चोळ्या, परकर ह्यांचे थर द्यावयाचे, वरून पुन्हा एक बरे लुगडे, आणि मग दोघीतिघींनी चार बाजूंस बसून धावदोरा घालीत आत यावयाचे. टाका लहान असावा, थर सरकू नयेत, गाठ आत जावी, एवढेच नियम. कापड मात्र गावाचा पत्ता सांगते. इंदूरकडच्या गोधडीत अहिल्याबाईंच्या महेश्वरची विणकरी सापडते, ग्वाल्हेरकडे चंदेरी, हैदराबादकडे नारायणपेठी, आणि आमच्याकडे इरकलीचा टोपपदर. क्वचित त्यावर गोपूर, पालखी, तुळशीवृंदावन भरलेली धारवाडी कसुतीही. लेक दूर दिली की आईच्या गावचे कापड तिच्याबरोबर परगावी जाते आणि तेथल्या कापडाशेजारी शिवले जाते. आपली कुटुंबे मुलूखगिरीच्या आणि नोकरीचाकरीच्या निमित्ताने कोठकोठे पांगली, ह्याचा नकाशा एखाद्या बखरीपेक्षा अशा गोधडीत अधिक स्पष्ट दिसेल.

ही वस्तू विकण्यासाठी क्वचितच होत असे. ती देण्यासाठीच होई. बाळंतविड्यात कुंची, अंगडे, टोपडे, लाळेरे, दुपटे ह्यांच्या जोडीला लहानशी गोधडी आजोळाहून येते. तान्ह्या मुलाला कोरे कापड बोचते म्हणून जुने धुवट कापडच त्याच्या अंगाला लावावयाचे, ही रीत आपल्याकडे सर्वत्र आहे. पहिल्या संक्रांतीला काळे झबले, बोरन्हाण. पहिल्या दिवाळसणाला जावयाचा मान. आणि लेक सासरी परतताना तिच्या ट्रंकेत तळाशी घडी घातलेली एक गोधडी. जावयास दिलेले उपरणे चारचौघांत मिरविले जाते. ट्रंकेच्या तळची गोधडी कोणी पाहत नाही. ती फक्त रात्री उलगडते.

देवालाही थंडी वाजते, ही आपल्या भक्तिसंप्रदायाची श्रद्धा आहे. कार्तिकी वारीनंतर प्रक्षाळपूजा झाली की थंडीच्या दिवसांत पंढरीच्या पांडुरंगास कानपट्टी बांधतात आणि रजई पांघरतात. शेजारतीला देव निजतो, तेव्हा त्यालाही पांघरूण हवे, हे आपल्या पूर्वजांस सांगावे लागले नाही. द्रौपदीने श्रीकृष्णाच्या बोटाला बांधलेल्या चिंधीची लोककथाही सर्वांस ठाऊक आहे. वस्त्रदानाचे मोल लांबीरुंदीवर ठरत नाही, हे ती कथा सांगते.

आता कायद्याची बाजू. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत. अग्नीसमोर मिळालेले, वरातीच्या वेळी मिळालेले, प्रीतीने दिलेले, आणि भाऊ, आई व बाप ह्यांनी दिलेले. कात्यायनाने आप्तांनी स्नेहाने दिलेल्या धनास ‘सौदायिक’ म्हटले आणि त्यावर स्त्रीची स्वतंत्र सत्ता मानली. चालुक्य विक्रमादित्य सहावा (१०७६–११२६) ह्याच्या कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली आणि स्त्रीधनाची व्याप्ती आणखी वाढविली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ ने हिंदू स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. १९८५ मध्ये प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सासरी ठेवलेले स्त्रीधन हे विश्वासाने ठेवलेले असते. ते सासरचे होत नाही. दानासंबंधी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १२३ पाहावे : जंगम वस्तूच्या दानास नोंदलेला दस्त लागतोच असे नाही, वस्तू हाती दिली की दान पुरे होते. म्हणजे आईने लेकीच्या ट्रंकेत गोधडी ठेवली त्या क्षणी, एका शब्दाचाही कागद न होता, पूर्ण आणि निर्दोष दान घडले.

आणखी एक कलम आम्हांस फार प्रिय आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० म्हणते की, कर्जदारावर हुकूमनामा झाला तरी त्याच्या, त्याच्या बायकोच्या व मुलांच्या आवश्यक कपड्यांवर, स्वयंपाकाच्या भांड्यांवर आणि अंथरूण-पांघरुणावर जप्ती आणता येत नाही. आणि धार्मिक रिवाजाप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिनेही त्यातून सुटतात. मंगळसूत्र आणि गोधडी ही दोन्ही कायद्याने एकाच वाक्यात सुरक्षित ठेवली आहेत. सावकार घरात आला तर समई उचलू शकेल. मुलाच्या अंगावरची वाकळ ओढू शकणार नाही.

गोव्यात हाच प्रश्न निराळ्या वाटेने येतो. तेथे १८७० पासून लागू झालेल्या पोर्तुगीज नागरी संहितेने नवरा-बायकोच्या मालमत्तेचा सामाईक हिशेब मानला, आणि वारसांतील वाटणी ‘इन्व्हेंतार’ म्हणजे मालमत्तेच्या तपशीलवार यादीने करण्याची पद्धत रुजली. २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यानेही यादीची ती पद्धत चालू ठेवली. यादी करणाऱ्याच्या लेखणीत केवढी सत्ता असते, हे गोवेकर वाचकांस आम्ही सांगावयास नको. जे यादीत आले ते वाटले जाते. जे आले नाही त्याचे वाली कोणी नसते.

तर आता त्या सात गोधड्या. यादी वाचून दाखविल्यावर घरातली सर्वांत वडील सून, तेव्हा साठीच्या पुढची, दारामागून बाहेर आली आणि म्हणाली, “वकीलसाहेब, बाकीचे ज्याचे त्याला द्या. ते गाठोडे तेवढे माझ्याकडे असू द्या.” आम्ही म्हटले, “काकू, त्याला काही किंमत लावलेली नाही, खुशाल घ्या.” त्यावर ती खाली बसली आणि एकेक गोधडी उलगडून दाखवू लागली. ही आईने पहिल्या बाळंतपणाला दिलेली. हे हिरवे तिचे लग्नातले लुगडे. ही सासूबाईंच्या हातची. त्यांची नजर गेल्यावर शिवलेली, म्हणून टाके वाकडे आहेत. हे धोतर मालकांचे, ते गेल्यानंतर घातलेले. हा निळा तुकडा थोरल्या मुलीच्या परकराचा. ती नवव्या वर्षी तापाने गेली. तिने सांगितलेला एकही तपशील आमच्या यादीत नव्हता. त्या घराचा तीन पिढ्यांचा इतिहास तिच्या मांडीवर पडलेला होता, आणि आम्ही त्यासमोर ‘जुने कापड’ असे लिहून मोकळे झालो होतो.

आमची चूक केवळ सहृदयतेची नव्हती. ती कायद्याचीही होती. आईने दिलेली ती गोधडी सौदायिक स्त्रीधन होते. एकत्र कुटुंबाच्या यादीत तिला जागाच नव्हती. ‘खुशाल घ्या’ असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, तिच्या दिरांसही नव्हता. कारण ती आधीपासून तिचीच होती. ज्याने मिताक्षरेची प्रकरणे पाठ करून परीक्षा दिली, त्याला हे एका म्हाताऱ्या बाईने माळ्याखाली बसून शिकवावे लागले. आम्ही ती ओळ खोडली आणि कलमच काढून टाकले. खोडलेल्या जागेवर सही करताना आमचा हात थोडा थांबला होता, हे आजही आठवते.

आता गिरण्यांची ब्लँकेटे स्वस्त झाली आहेत, सणाची भेट दुकानातून बांधून येते, आणि नऊवारी लुगडी नेसणाऱ्या पिढीबरोबर गोधडीचे कापडही आटत चालले आहे. त्यास इलाज नाही आणि त्याचे रडगाणेही आम्ही गात नाही. पण ज्या घरांत अजून गोधड्या आहेत, त्या घरच्यांस आमची एक विनंती आहे. येत्या दसऱ्याला त्या धुवून वाळत घालाल तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बाईला शेजारी बसवावे, कोणता तुकडा कोणाचा ते विचारावे, आणि ते एका वहीत लिहून ठेवावे; शिवणारीचे नाव सर्वांत आधी. उषवदाताचे दान फलकावर चढले, म्हणून आपण ते आज वाचतो. ह्या बायकांचे दान त्याहून कमी नव्हते. नोंद करणारा तेवढा कोणी भेटला नाही. ती नोंद करणे आता आपल्या हाती आहे, आणि सांगणारी बसलेली आहे तोवरच ती करता येईल.